सशाला लंघन चालत नाही

आपल्याकडे पोट बिघडलं की घरातली मोठी माणसं सांगतात, "आज काही खाऊ नकोस, एक दिवस लंघन कर, उद्या बरं वाटेल." माणसाला ते पुष्कळदा लागू पडतं. सशाला लागू पडत नाही. सशाचं खाणं बंद होणं हाच त्याच्यासाठी आणीबाणीचा प्रसंग असतो, आणि नवीन पाळणाऱ्याला ते बहुधा उशिरा कळतं.

मलाही उशिरा कळलं. फेब्रुवारी महिना होता, नाशिकमध्ये द्राक्षांचा हंगाम भरात होता आणि पिंपळगावच्या पाहुण्यांनी एक पेटी आणली होती. मुलांनी कौतुकानं आमच्या ठकी नावाच्या सशाला दुपारभर द्राक्षं भरवली. संध्याकाळी तिनं कोथिंबिरीकडे पाठ फिरवली. सासूबाई म्हणाल्या, पोट जड झालं असेल, रात्रभर रिकामं राहू दे. मलाही ते पटलं. पहाटे उठून पाहिलं तर तिचे कान गार पडले होते, आणि दवाखाना उघडेपर्यंत ती राहिली नाही. त्यानंतर मी आणखी तीन ससे पाळले आहेत. हा लेख त्या रात्री मला कोणीतरी वाचून दाखवायला हवा होता.

आत काय होतं

सशाचं पोट कधीच पूर्ण रिकामं नसतं. तो दिवसभर आणि रात्रीही थोडं थोडं खात राहतो, आणि गवतातला चोथा आतड्यातला माल सतत पुढे ढकलत असतो. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर त्याची एक भलीमोठी पिशवी असते, तिला अंधांत्र म्हणतात. तिथे कोट्यवधी उपयोगी जिवाणू चोथा आंबवून त्यातून पोषण काढतात. चोथा यायचा थांबला की आतड्याची हालचाल मंदावते. आतला माल सुकून घट्ट होतो, नको ते जिवाणू वाढतात, गॅस धरतो. गॅसनं पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. चक्र असं फिरत जातं. डॉक्टर याला जीआय स्टेसिस म्हणतात.

सशाला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पुढेच जाऊ शकतं, मागे नाही. शिवाय उपाशी राहिलेल्या सशाचं शरीर साठवलेली चरबी वापरू लागतं आणि तिचा भार यकृतावर येतो. लठ्ठ सशात हे फार झपाट्यानं होतं, त्यामुळे 'जाड आहे, एक दिवस उपाशी राहिला तर बरंच' हा विचार नेमका उलटा आहे.

पहिली पायरी: घड्याळ बघा आणि लेंड्या बघा

ससा खात नाही असं वाटलं की आधी वेळ लिहून काढा. शेवटचं खाल्लं कधी, शेवटच्या लेंड्या कधी दिसल्या. घरात चार माणसं असतील तर चौघांना विचारा, कारण प्रत्येकाला वाटत असतं की दुसऱ्यानं बघितलं.

मग त्याची सगळ्यात आवडती गोष्ट नाकाशी धरा. आमच्या गोट्याला पुदिना आवडतो. पेलेट (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या) नको पण पुदिना हवा, असं असेल तर भूक आहे, पण बहुधा दात किंवा तोंड दुखत असावं. पुदिन्याकडेही त्यानं ढुंकून पाहिलं नाही, तर ते सगळ्या पोटाचं दुखणं समजा.

लेंड्या ही सशाची खरी तब्येत. निरोगी सशाच्या लेंड्या वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या आणि साधारण एकाच मापाच्या असतात. चुरगाळल्या तर आत गवताचा भुसा दिसतो. दिवसाला त्या शंभरावर, पुष्कळदा दोनशे-तीनशे असतात. त्या बारीक, काळसर, टोकदार व्हायला लागल्या, किंवा केसांत ओवलेल्या माळेसारख्या निघू लागल्या, तर आतडं मंदावतंय. आणि पिंजरा झाडून घेतल्यावर कित्येक तासांत एकही नवी लेंडी दिसली नाही, तर आतडं थांबलंय.

नवीन लोक हमखास गोंधळतात ती दुसऱ्या प्रकारच्या लेंड्यांवरून. ससा मऊ, चकचकीत, उग्र वासाच्या लेंड्याही टाकतो, आणि त्या दिसायला अगदी द्राक्षाच्या छोट्या घडासारख्या असतात. त्या अंधांत्रात तयार होतात आणि ससा त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. ही घाण नाही, ते त्याचं जेवण आहे. जमिनीवर असे घड पडलेले दिसू लागले तर आहार बिघडलाय किंवा सशाला वाकताना दुखतंय, हे लक्षात घ्या. पण तो जुलाब नव्हे. खरा जुलाब पाण्यासारखा असतो, आणि तो विशेषतः लहान पिल्लाला झाला तर थेट दवाखाना गाठा. बाजारात पुष्कळदा आईचं दूध सुटण्याआधीच पिल्लं विकली जातात आणि ती अशा जुलाबानं चटकन जातात.

दुसरी पायरी: पाच मिनिटांची तपासणी

सशाला उचलू नका, जमिनीवर बसूनच बघा. तो पाठीला कुबड काढून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसला आहे का? पोट फरशीला दाबून लांब पसरतो आणि लगेच जागा बदलतो का? कान लावून ऐका. प्रेमानं डोकं खाजवताना दातांची हलकी कुरकुर येते ती समाधानाची. पण एकटा बसलेला असताना दात कराकरा वाजले तर तो दुखण्याचा आवाज आहे.

मग कान हातात धरा. कान गार असतील, अंग ढिलं वाटत असेल, तर वेळ हातातून चालली आहे. सशाचं नेहमीचं तापमान माणसापेक्षा जास्त, साधारण 38.5 ते 39.5 अंश सेल्सिअस असतं, आणि ते 38 च्या खाली जाणं धोक्याचं. गुदद्वारातून थर्मामीटर लावणं कोणी शिकवलं नसेल तर घरी करू नका, इजा होते. कान आणि पंजे पुरेसं सांगतात.

शेवटी दोन बोटांनी पोटावर हलकेच हात ठेवा. मऊ पीठ मळल्यासारखं लागत असेल तर अजून थोडी उसंत आहे. ढोलकीसारखं ताणलेलं आणि टणक लागत असेल तर लगेच निघा.

तिसरी पायरी: निघायचं की थांबायचं

या ठिकाणी नवा माणूस अडखळतो, म्हणून मी स्पष्ट लिहिते.

ससा दोन-तीन तासांपूर्वी चांगला उड्या मारत होता, अचानक कोसळल्यासारखा बसला, पोट फुगून टणक झालंय, कान गार आहेत: ही अडथळ्याची किंवा पोट फुगल्याची खूण असू शकते. इथे काहीही भरवू नका, पाणीसुद्धा सिरिंजनं नको. पुढे वाट बंद असताना वरून ओतलेलं पोटाला आणखी ताणतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टर शोधा.

दुसरी तऱ्हा हळूहळू येते. कालपासून लेंड्या बारीक होत होत्या, आज गवत सोडलं, अजून इकडेतिकडे फिरतोय. इथे डॉक्टरांना फोन करेपर्यंत घरी काही करता येतं, ते पुढे सांगते. पण 10 ते 12 तास खाणं नाही किंवा लेंडी नाही, ही माझी शेवटची रेघ आहे. त्यापलीकडे 'सकाळपर्यंत बघू' म्हणायचं नाही. सुस्ती, गार कान किंवा दात वाजणं यांतलं एक जरी सोबत असलं तर 12 तासांचीही वाट बघू नका.

चौथी पायरी: डॉक्टर

खरं तर ही पायरी ससा घरी आणला त्याच आठवड्यात चढायची असते. नाशिकमध्ये कुत्र्या-मांजरांचे दवाखाने भरपूर आहेत, आणि जिल्हा शेतीचा असल्यानं गाई-म्हशींचे जाणकार डॉक्टरही मिळतात. ससा बघणारे त्यांतले थोडे. म्हणून फोनवर तीन गोष्टी सरळ विचारून ठेवा: तुम्ही ससे नियमित तपासता का, एक्स-रे तुमच्याकडे होतो का, आणि रात्री किंवा रविवारी कुणाला फोन करायचा. 'ससा म्हणजे छोटं मांजरच' असा सूर लागला तर दुसरीकडे विचारा. शक्यतो दोन नंबर ठेवा, एक गोदावरीच्या या काठाचा आणि एक त्या काठाचा. पंचवटीत राहणाऱ्यांना हे लगेच कळेल: पर्वणीच्या दिवशी पूल आणि रस्ते बंद असतात, आणि 2027 मध्ये सिंहस्थ आहे.

नेताना सशाला स्कूटरच्या पुढ्यात पिशवीत घालून नेऊ नका. झाकणाला भोकं असलेला खोका किंवा मांजराचा पिंजरा घ्या, खाली जाडसर टॉवेल आणि मूठभर गवत टाका आणि रिक्षा करा. जोडीचा ससा असेल तर त्यालाही सोबत न्या. सशाला सोबत्याचा फार आधार असतो आणि परत आल्यावर वास बदलला म्हणून भांडणंही होत नाहीत. शेवटच्या लेंड्या एका डबीत घ्या, आणि वेळांची नोंद केलेला कागदही.

डॉक्टर साधारण हे करतील: पोट तपासतील, लागलं तर एक्स-रे काढून अडथळा आहे का बघतील, कातडीखाली सलाईन देतील, वेदनाशामक देतील, आणि अडथळा नाही असं दिसल्यावर आतडं हलतं करणारं औषध. वेदनाशामकाबद्दल आवर्जून विचारा. सशाचं दुखणं दिसत नाही, कारण शिकार होणारा प्राणी आपलं दुखणं लपवतो, पण वेदना थांबल्याशिवाय तो खात नाही. दाढा बघायलाही सांगा. समोरचे दात आपल्याला दिसतात, दाढांवर वाढलेली टोकं दिसत नाहीत, आणि तीच जीभ-गाल कापत असतात.

एक गोष्ट तुम्हाला पाठ हवी. तोंडावाटे दिलेलं अ‍ॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन किंवा क्लिंडामायसिन सशाला मारू शकतं. ही अँटिबायोटिक्स त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि विषारी जिवाणू माजतात. घरात मुलांचं उरलेलं सिरप असतं, कुणीतरी 'दोन थेंब दे' म्हणतं. देऊ नका. आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं तर ते सशाला चालतं ना, हे न संकोचता विचारा. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

पाचवी पायरी: घरी तोपर्यंत

अंग गार असेल तर ऊब द्या. प्लास्टिकच्या बाटलीत कोमट पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, आणि नको वाटलं तर त्याला दूर सरकता येईल एवढी जागा ठेवा. पाणी वाटीत द्या. नळीच्या बाटलीपेक्षा वाटीतून ससे जास्त पितात. निरोगी ससा दर किलो वजनामागे दिवसाला 50 ते 150 मिली पाणी पितो, म्हणजे दोन किलोच्या सशाला वाटीभर तरी लागतं. कोथिंबीर किंवा मुळ्याचा पाला धुऊन ओलाच समोर ठेवा, त्यातूनही पाणी जातं. खोलीत जरा फिरू द्या. हालचालीनं आतडं हलतं. पोटाला हलका मसाज त्याला चालत असेल तरच करा, अंग आकसलं की थांबा.

भरवणं मात्र डॉक्टरांशी बोलून, आणि पोट ताणलेलं नाही याची खात्री झाल्यावरच. आजारी सशांसाठी चोथ्याची पावडर मिळते. ती नसेल तर रोजचे साधे पेलेट मिक्सरमधून काढून कोमट पाण्यात भिजवा आणि पातळ खिरीएवढं करून गाळून घ्या, नाहीतर सिरिंज सारखी अडते. औषधाच्या दुकानात सुईशिवायची सिरिंज मिळते. 1 मिलीच्या दोन आणि 5 मिलीच्या दोन ठेवा.

ससा पोटावरच, पायांवर बसलेला हवा. त्याला बाळासारखं उताणं कधी धरू नका, खीर श्वासनलिकेत जाते. टॉवेलात सैलसर गुंडाळा, मांडीवर किंवा ओट्यावर तुमच्या पोटाशी टेकवून बसवा. सिरिंज समोरून नको, तोंडाच्या बाजूनं, पुढच्या दातांच्या मागे जी मोकळी जागा असते तिथून घाला. एका वेळी अर्धा ते एक मिली, चावून गिळला की पुढचा. साधारण प्रमाण दर किलो वजनामागे एका वेळी 10 ते 15 मिली, दिवसातून चार-पाच वेळा, पण तुमच्या सशाचं प्रमाण डॉक्टरांना ठरवू द्या. पहिल्या वेळी अर्धी खीर तुमच्या कपड्यांवर जाईल. हात थरथरतील. घाई करू नका, मध्ये थांबून डोकं खाजवा.

आपल्या घरगुती उपायांबद्दल. बाळाच्या बेंबीभोवती हिंग लावतात तसं सशाला लावू नका, तो चाटून काढतो. ओव्याचं पाणी, एरंडेल, ग्राइप वॉटर, ताक, दही, साखरपाणी, यांतलं काहीही नको. साखर आणि दूध त्याच्या आतड्यातल्या बिघाडाला खतपाणी घालतात. केसांचा गोळा अडकला म्हणून अननसाचा रस पाजायचं अजूनही सांगतात. पोटात केसांचा गुंता दिसतो तो बहुतेक वेळा आतडं थांबल्याचा परिणाम असतो, कारण नव्हे, आणि रसातली साखर नुकसानच करते.

बरा होताना

पहिली लेंडी दिसली की मला अजूनही गळा भरून येतो. पण तिथे थांबायचं नाही. सुरुवातीच्या लेंड्या बारीक, वाकड्या, कधी चिकट असतात आणि त्या मापावर यायला दोन-तीन दिवस लागतात. त्यानं कोथिंबिरीची दोन पानं खाल्ली म्हणून लगेच भरवणं बंद करू नका. गवत स्वतःहून भरपूर खाऊ लागला की हळूहळू कमी करा. वेदनाशामक डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत द्या. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टोपलीत बसवून वजन करा आणि लिहा.

असं का झालं, ते नाशिकमध्ये कुठे शोधायचं

सर्वांत आधी थाळी बघा. सशाच्या आहाराचा सुमारे 80 टक्के भाग गवत हवा. हरळी चालते, देवळाबाहेर दूर्वा मिळतात त्याही हरळीच्याच, पण त्यावर गुलाल-कुंकू किंवा फवारणी नसल्याची खात्री हवी, आणि शेताच्या बांधावरच्या गवताबद्दल तर जास्तच, कारण इथल्या द्राक्षबागांत फवारण्या वारंवार होतात. वाळलेलं टिमोथी गवत दुकानात आणि ऑनलाइन मिळतं. गुरांचा मेथीघास पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातलं कॅल्शियम जास्त होऊन मूत्राशयात खडा धरू शकतो, आणि त्या दुखण्यानंही खाणं सुटतं. पोळी, ब्रेड, बिस्किट, हरभरा बंद. सशाचे समोरचे दात आठवड्याला 2 ते 3 मिलिमीटर वाढतात आणि ते झिजवायला गवतच लागतं, पोळीनं ते झिजत नाहीत. कांदा-लसूण त्याला विषारी. लासलगावच्या जिल्ह्यात कांद्याची पात घरोघरी असते, म्हणून मुद्दाम सांगते. द्राक्ष द्यायचंच तर आठवड्यातून एखादं, घड नव्हे.

मग हवा. एप्रिल-मेमध्ये नाशिक 40 अंशांवर जातं, आणि सशाला 28-30 अंशांपासूनच त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, कानांतून उष्णता बाहेर टाकतो. सिडको-सातपूरकडे वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली राहणाऱ्यांनी ससा दुपारी खालच्या खोलीत आणावा. शहाबादी फरशीचा तुकडा, फडक्यात गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली, खिडकीला ओलं गोणपाट, आणि कानांवर ओल्या हाताचा स्पर्श; एवढ्यानं दुपार निभते. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, धक्क्यानं जीव जातो. डिसेंबर-जानेवारीत उलट. निफाडकडे पारा खूप खाली उतरतो. थंडी ससे सोसतात, पण ओल आणि वाऱ्याचा झोत सोसत नाहीत.

भीतीनंही आतडं थांबतं. दिवाळीचे फटाके, गणपतीत खिडकीखालून जाणारा नाशिक ढोल, गल्लीतलं कुत्रं पिंजऱ्याशी येऊन हुंगणं, सगळं मोजा. मिरवणुकीच्या रात्री आतल्या खोलीत, पिंजऱ्यावर चादर, आत लपायला पुठ्ठ्याचा खोका. दुसऱ्या दिवशी सकाळी लेंड्या बघायच्याच. अंगावरच्या पिसवांसाठी कुत्र्याचं फिप्रोनिलचं औषधही सशाला लावू नका, ते त्याला विषारी आहे.

यांतलं काहीच सापडलं नाही आणि खाणं वरचेवर सुटतंय, तर दाढा, मूत्राशय आणि कान डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या. मादी असेल आणि नसबंदी झालेली नसेल तर गर्भाशयही. वय वाढलं की नसबंदी न केलेल्या माद्यांत तिथला कर्करोग खूप दिसतो.

फ्रिजवर मी एक डबा ठेवते. त्यात सिरिंजा, पेलेटचं पीठ, जुना टॉवेल, छोटी डबी आणि झाकणावर चिकटवलेला डॉक्टरांचे दोन नंबर लिहिलेला कागद आहे. आज सकाळी गोट्याच्या कोपऱ्यातल्या लेंड्या झाडताना मोजल्या नाहीत, नुसत्या बघितल्या: गोल, कोरड्या, एका मापाच्या. मग त्याच्या वाटीत पाणी भरलं.